माझं उदाहरण देऊ नका

ताई, नमस्कार.
मी २५ वर्षांची आहे, शिकागोत नोकरी करते. वाढले न्यू जर्सीत. माझं मराठी बोलण्यापुरतं आहे, लिहिताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.
पंधरा वर्षांची असताना मी शाळा बुडवायला लागले, गांजा ओढला, हातावर ब्लेडने कापून घेतलं. एका पहाटे चारला डोळे उघडले तर खोलीत दोन अनोळखी माणसं. आई-बाबा पॅसेजमध्ये उभे. बाबा म्हणाले, ‘यांच्याबरोबर जा, तुझ्या भल्यासाठीच आहे.’ विमानाने मला युटा राज्यात नेलं. आधी दोन महिने रानात, ताडपत्रीखाली. मग वर्षभर एका निवासी केंद्रात. कपडे उतरवून झडती. शिक्षा म्हणून दिवसचे दिवस कोणाशी बोलायचं नाही. ग्रुपमध्ये एकीला मध्ये बसवायचं आणि बाकीच्यांनी तिच्यावर ओरडायचं. जी ओरडणार नाही तिची लेव्हल, म्हणजे केंद्रातला दर्जा, खाली. फोन आठवड्यातून एकदा, शेजारी स्टाफ बसलेला आणि बोलायचं फक्त इंग्रजीत. माझ्या आजीला इंग्रजी येत नाही. तिला सांगितलं होतं की मी होस्टेलला आहे.
एका पत्रावर मी वर देवनागरीत ‘आई’ लिहिलं होतं. त्यावर काळा मार्कर फिरवून ते पत्र घरी गेलं. आईने ती सगळी पत्रं जपून ठेवली आहेत. मी काही बोलायला लागले की ती तीच काढते. ‘बघ, तूच लिहिलंयस, इथे मला खूप मदत होतेय.’ बाबा उठून आत जातात.
आता पुण्यात माझ्या आत्याचा मुलगा पंधराचा आहे. क्लास बुडवतो, दप्तरात गांजा सापडला. आई-बाबा आत्याला फोनवर सांगतात, ‘आमच्याकडे बघ, वर्षभर मन घट्ट केलं, आज पोरगी कशी मार्गी लागली.’ कोणीतरी आत्याला एका केंद्राचं नाव दिलंय. तिथली माणसं म्हणे घरी येऊन मुलाला घेऊन जातात.
मला अजून पहाटे चारला जाग येते. थेरपिस्टकडे एकदा गेले होते. तिने ‘ही सेफ स्पेस आहे’ म्हटलं आणि मी उठून आले. मला कोणी मारलं नाही. इतर मुलींचं माझ्यापेक्षा खूप वाईट झालं. मग याला छळ म्हणायचं का? आई-बाबांना कसं पटवू? आणि आत्याला काय सांगू?
— नि.

प्रिय नि.,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला घाई आहे. पण पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तू आत्याला फोन करणार नाहीस, असं पत्र वाचून वाटलं. म्हणून तिथूनच सुरुवात करते. हो, तो छळ होता.

कोणी मारलं नाही, म्हणतेस. पंधरा वर्षांच्या मुलीला पहाटे अंथरुणातून उठवून परक्या माणसांच्या ताब्यात देणं, तिला विवस्त्र करून तपासणं, माणसांशी बोलणंच बंद करणं, जीव वाचवायचा तर मैत्रिणीवर ओरडायला लावणं, यातल्या कशालाही हात उचलावा लागत नाही. इतरांचं जास्त वाईट झालं असेलही. त्याने तुझ्यावर झालेलं कमी होत नाही. आणि हा विचार तुझ्या डोक्यात आला कुठून, तेही बघ. ग्रुपच्या त्या वर्तुळात रोज हेच शिकवलं जात होतं की तुझी तक्रार म्हणजे नाटक.

ते वर्तुळ काही तुमच्या केंद्राने शोधून काढलेलं नाही. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात सिनॅनॉन नावाची संस्था निघाली, हेरॉइनच्या आहारी गेलेल्या मोठ्या माणसांसाठी. गोल बसायचं आणि एकेकाला सगळ्यांनी मिळून सोलून काढायचं, हा तिथला मुख्य उपचार. त्याला ते ‘गेम’ म्हणत. पुढे ती संस्था हिंसक पंथ बनली. तिच्याविरुद्ध खटला लढणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत १९७८ मध्ये जिवंत रॅटलस्नेक साप ठेवला गेला, इथपर्यंत मजल गेली होती. पण तोवर ती पद्धत मुलांपर्यंत पोचली होती. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातच सीडू नावाची शाळा याच धर्तीवर सुरू झाली. फ्लोरिडात ‘द सीड’ नावाचं किशोरांचं व्यसनमुक्ती केंद्र निघालं. १९७४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीने त्याच्या पद्धतींची तुलना उत्तर कोरियाच्या ‘ब्रेनवॉशिंग’च्या तंत्राशी केली. तरी दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच साच्यातलं ‘स्ट्रेट’ उभं राहिलं आणि ते १९९३ पर्यंत चाललं. म्हणजे तू ज्या खुर्चीत बसलीस तिच्यात तुझ्या आधी दोन-तीन पिढ्या बसून गेल्या आहेत.

अमेरिकी संसदेसाठी चौकशी करणाऱ्या जीएओ या सरकारी संस्थेने २००७ मध्ये अशा केंद्रांवर अहवाल दिला. छळाचे हजारो आरोप त्यांना सापडले, आणि दहा मुलांच्या मृत्यूंची त्यांनी बारकाईने तपासणी केली. त्यातली एक गोष्ट तुझ्या पत्राशी जोडलेली आहे. काही मुलं मरणाच्या दारात होती, दुखतंय म्हणून सांगत होती आणि स्टाफला वाटत होतं की ती ढोंग करतायत. एवढी ती शिकवण पक्की असते. मूल जे बोलेल ते खोटं, हे आधीच ठरलेलं.

हीच शिकवण तुझ्या आई-बाबांनाही दिली गेली, आणि तुझा दुसरा प्रश्न इथे येतो.

अशा केंद्रांत पालकांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवतात की तुमची मुलगी फोनवर रडेल, इथे हाल होतात म्हणेल, घरी न्या म्हणेल. विश्वास ठेवू नका, ती तुम्हाला खेळवतेय. तुम्ही विरघळलात तर सगळं मुसळ केरात. त्यामुळे तू खरं बोललीस की त्या माणसांचं भाकीत खरं ठरायचं. आणि गप्प बसून छान छान पत्रं लिहिलीस की उपचार लागू पडतायत असं दिसायचं. दोन्हीकडून जिंकणार तेच. वर एवढा पैसा गेलेला. या केंद्रांचा खर्च महिन्याला दहा हजार डॉलरच्या वरही जातो. न्यू जर्सीतल्या नोकरदार मराठी घरात हे पैसे कुठून येतात? घरावर कर्ज काढून, भारतातला फ्लॅट विकून. आज ‘ते चुकलं’ म्हणायचं तर पोरीला दुखवण्यासाठी घर गहाण टाकलं, हे कबूल करावं लागेल. तुझे बाबा उठून आत जातात ते बहुधा यामुळेच.

हे मी त्यांची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. ‘हेतू चांगला होता’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक भांडणाच्या शेवटी रबरी शिक्क्यासारखं मारलं जातं, आणि मग पुढे कोणी बोलायचं नसतं. त्यांचा हेतू चांगला असेल. त्याने तुझी पहाटेची झोप परत येत नाही. त्यांना माफ करायचंच, असंही काही नाही. मी त्यांची बाजू मांडली ती एवढ्यासाठी की तू त्यांना ‘पटवून’ द्यायला निघाली आहेस, आणि पटणं त्यांना किती महाग पडणार आहे ते तुला आधी माहीत असावं. त्यांना पटल्यावरच मी बरी होईन, असं ठरवलंस तर तुझी चावी पुन्हा त्यांच्याच हातात जाईल.

मग त्यांच्याकडे मागायचं काय? माझ्या मते एकच गोष्ट: माझं उदाहरण कोणाला देऊ नका. माफी, कबुली, रडणं, जवळ घेणं, यातलं जे यायचं असेल ते मागून येईल किंवा येणारही नाही. पण तुझी गोष्ट तुझी आहे. ती ‘मन घट्ट केलं आणि पोरगी मार्गी लागली’ अशा रूपात पुण्यापर्यंत फिरतेय, ती थांबवायचा तुला पूर्ण हक्क आहे. त्यासाठी त्यांना काही पटलेलं असण्याची गरज नाही. ‘तुम्हाला काय वाटतं ते तुमच्यापाशी ठेवा, पण माझं नाव घेऊन कोणाला सल्ला देऊ नका’, एवढं वाक्य पुरे.

बोलायला दोघांना एकदम बसवू नकोस. तीन माणसं समोरासमोर बसली की तुझ्यासाठी तो पुन्हा ग्रुप होईल. आईशी एकटीशी बोल, आणि ती पत्रं तिला काढू दे. तीच तिची कागदपत्रं आहेत ना, मग तीच वाचा. काळा डाग असलेलं पत्र हातात घे आणि तिला विचार, ‘इथे काय होतं असं तुला कधी वाटलं नाही का?’ मग सांग, काय होतं. पुढे सांग की प्रत्येक पत्र पाकिटात जायच्या आधी कोणीतरी वाचत होतं, आणि फोनवर तू मराठीत का बोलत नव्हतीस. एवढंच, एका बैठकीत. झडतीचं, रानाचं तिला आजच कळायला पाहिजे असं नाही. ती पुन्हा म्हणाली, ‘पण तूच लिहिलं होतंस’, तर वाद घालू नकोस. ‘हो, मीच लिहिलं होतं, तसं लिहिल्याशिवाय लेव्हल वाढत नव्हती’ म्हण आणि उठ. फॅमिली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यातलं काहीही नको. आणि लेखी पत्र देण्याचा विचार असेल तर जरा थांब. तिथे तुझ्याकडून ‘मी काय काय चुकले’ अशी पत्रं लिहून घेतलेली असणार. घरच्यांना पुन्हा कागदावर हिशेब द्यायला बसलीस की हात जड होईल.

बाबांचं काय, याला माझ्याकडे उत्तर नाही. काही बाप उठून आत जातात आणि वर्षानुवर्षं आतच राहतात.

थेरपिस्टकडून उठून आलीस यात नवल काहीच नाही. सेफ स्पेस, शेअर करणं, जबाबदारी घेणं हे सगळे शब्द त्या लोकांनी वापरून वापरून विटवले आहेत. दुसऱ्या कोणावर अत्याचार झाला तर तो उपचारांकडे धावतो. तुझ्यावर अत्याचारच उपचार म्हणून झाले. म्हणून थेरपिस्ट निवडताना तूच मुलाखत घे. आधी फोन किंवा ईमेल करून सांग, ‘मी लहानपणी सक्तीच्या निवासी केंद्रात होते. अशा माणसांबरोबर तुम्ही काम केलंय का? अशा केंद्रांकडे तुम्ही मुलं पाठवता का?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल किंवा गोलमोल असेल तर फोन ठेव. पहिल्या भेटीत सांग की मी दाराजवळ बसेन, मधे थांबवेन, आणि सगळं आज सांगणार नाही. नीट माणूस असेल तर यातल्या एकाही गोष्टीवर भुवई उंचावणार नाही. आघातावरच्या उपचारांत ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन जुन्या आठवणींवर काम करणं) आणि आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) या पद्धतींचा चांगला अभ्यास झालेला आहे, त्यांची माहिती विचार. ग्रुप थेरपी एवढ्यात घेऊ नकोस, कोणी कितीही सुचवली तरी. पहाटेच्या जागेसाठी वेगळेही उपाय असतात. रोज ठरल्या वेळी झोप मोडणं ही नुसती सवय नसते, ते डॉक्टरला स्पष्ट सांग. आणि मधे कधी हाताकडे पुन्हा ब्लेड न्यावंसं वाटलं, किंवा त्याहून वाईट विचार आले, तर अमेरिकेतल्या ९८८ या संकटकाळच्या हेल्पलाइनला फोन कर किंवा मेसेज कर, भर रात्रीसुद्धा. हे वाचणारं जे कोणी भारतात असेल त्याच्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे.

तुझी फाइल मागवायची की नाही ते तुझं तू ठरव. अमेरिकेत आपले वैद्यकीय कागद मागण्याचा हक्क आहे, अर्ज लेखी कर. पण ठराविक वर्षांनी ते नष्ट करायलाही परवानगी असते, त्यामुळे मागवायची असेल तर लवकर. आली तरी एकटीने उघडू नकोस. त्यात तुझ्याबद्दल ‘मॅनिप्युलेटिव्ह’ वगैरे शब्द पानोपानी असतील, आणि ते वाचताना तुझं वय झटक्यात पंधरावर येईल. दावा लावायचा विचार असेल तर मुदत राज्याराज्यात वेगळी आहे. वकिलाला निदान एकदा विचारून ठेव. दावा न लावणं म्हणजे पळ काढणं, असं मात्र कोणाकडून ऐकून घेऊ नकोस.

तुला कोणी काही विचारलं कसं नाही, हे तुझ्या मनात असेल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच निकाल दिला होता की पालकांनी अल्पवयीन मुलाला मनोरुग्णालयात दाखल करायचं तर आधी न्यायालयीन सुनावणी लागत नाही. डॉक्टरने तपासावं, एवढं पुरे. खासगी केंद्रांत तर तेवढंही नेहमी पाळलं जात नाही. तुझ्या नंतर थोडं बदललंय. २०२१ मध्ये युटाने कायदा केला. पॅरिस हिल्टन या प्रसिद्ध अमेरिकी सेलिब्रिटीने तिथल्या विधिमंडळासमोर साक्ष दिली होती, कारण तीही सतराव्या वर्षी तिथल्याच एका केंद्रात होती. मुलाला आठवड्यातून एकदा घरच्यांशी गोपनीय बोलता आलं पाहिजे, असं आता त्या कायद्यात आहे. म्हणजे जो फोन तुला मिळाला नाही, तो न देणं आता तिथे बेकायदा आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये देशपातळीवरही कायदा झाला. पण त्यात मुख्यतः अभ्यास करा असंच सांगितलंय, फार आशा लावून बसू नये.

आता आत्या. तिला ‘पाठवू नकोस’ एवढंच सांगितलंस तर ती म्हणेल, मग मी करू काय? घरात पंधरा वर्षांचा मुलगा गांजा ओढतोय, ही तिची भीती खरी आहे. तिला हातात काहीतरी दे.

तिला सांग की भारतात २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक त्रास त्यात येतात, त्यामुळे ‘आमचं नुसतं संस्कार केंद्र आहे’ असं म्हणून उपचार करणाऱ्या केंद्राला सुटता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल करण्याआधी दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं. त्यातला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि ही तपासणी दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेली हवी. मुलाला मोठ्या माणसांबरोबर ठेवता येत नाही. पालक किंवा त्यांनी नेमलेला माणूस पूर्ण काळ त्याच्याबरोबर राहिला पाहिजे. ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, आणि मुक्काम तीस दिवसांच्या पुढे गेला तर मंडळाकडून तपासणी होते. साखळीने बांधायला आणि एकांतात कोंडायला सरळ बंदी आहे. आत्याने त्या केंद्राला फोन करून इतकंच विचारावं, ‘मी मुलाबरोबर राहायला येऊ का? आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नोंदणीचा कागद दाखवाल का?’ ‘पहिले काही आठवडे पालकांना भेटू देत नाही’ असं उत्तर आलं, तर काय ते कळलं. घरी येऊन मुलाला उचलून नेणारी माणसं कोण, त्यांना कोणी नेमलं, हेही विचारावं. आपल्याकडच्या अशा केंद्रांत मारहाणीने माणसं दगावल्याच्या बातम्या अधूनमधून पेपरात येतात, त्या आत्यानेही वाचल्या असतील. मुलांच्या हाकेसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, तो नंबर मुलालाही माहीत असू दे.

करायचं ते असं, की किशोरवयीन मुलं बघणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याला ओपीडीत न्यायचं, त्याला सांगून, दिवसाउजेडी. दप्तरात गांजा आला कुठून यापेक्षा तो क्लासला का जात नाही, हे आधी शोधायचं. वेळ लागेल. वर्षभरात मुलगा ‘मार्गी’ लागेल अशी हमी तो डॉक्टर देणार नाही, आणि देत नाही म्हणूनच तो बरा.

तुझी गोष्ट आत्याला किती सांगायची? पत्रात मला लिहिलंस त्याच्या निम्मी. पहाटेचे चार, मराठीत बोलायला बंदी, आजीला होस्टेल सांगितलं होतं, एवढ्यावर तिला कळेल. ‘पण दादा-वहिनी तर म्हणतात तुला फायदा झाला’ असं ती म्हणणारच. ‘ते त्यांचं मत आहे. मला झालेला नाही’ म्हण. त्यावर आवाज चढवू नकोस आणि पुरावेही देऊ नकोस. मुलाशी बोलायचं असेल तर आत्याला विचारून बोल, पण त्याला युटाची भीती घालू नकोस. तो कसा आहे ते विचार, आणि तो गप्प राहिला तर राहू दे. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन कर.

शनिवारी रात्री साडेनऊला तुझ्याकडून फोन केलास तर पुण्यात रविवारची सकाळ असते आणि आत्या घरी असते. आई-बाबांना आधी विचारू नकोस. त्यांना नंतर कळलं तरी चालेल.